भांगातलं तर्कशास्त्र

पनवेलच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला पुण्याहून आलेल्या प्रोफेसर कमळाकर आगाशे यांनी एका भाद्रपदात आपल्या सबंध वर्गावर नशाबाजीचा आरोप केला, दारूबंदी खात्याची जीप कॉलेजच्या दारात आणवली आणि अखेर स्वतः कमरेइतक्या चिखलात उभे राहिले. या गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे ठाऊक असलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. त्यांतली निम्मी ती खोटी सांगतात आणि निम्मी वाढवून सांगतात. म्हणून घडलं तसं एकदा सांगून टाकलेलं बरं.

साठ सालानंतरची गोष्ट. कॉलेज नवं होतं, म्हणजे पाटी नवी होती. इमारत बंद पडलेल्या भाताच्या गिरणीची. पावसाळी दिवसांत भिंतींना अजून कोंड्याचा वास यायचा आणि गिरणी बंद झाल्याची वार्ता पनवेलच्या चिमण्यांना कुणी दिलीच नव्हती. शेजारी बैलगाड्यांची चाकं करणाऱ्यांचे कारखाने होते. त्या काळी पनवेलची चाकं घाटावरपर्यंत जात. लाल तापलेली लोखंडी धाव चाकावर चढवून घणाने ठोकायला सुरुवात झाली की अर्थशास्त्रापासून इंग्रजी काव्यापर्यंत सगळे विषय एकाच ठेक्यात शिकवले जात.

प्राचार्यांचं बिऱ्हाड दादरला होतं आणि मनही तिथंच होतं. ठाण्यावरून जाणारी एसटी चुकू नये म्हणून त्यांनी टेबल असं मांडून घेतलं होतं की खुर्चीवरून थेट स्टँड दिसावा. इंग्रजीचे प्राध्यापक मुंबईच्या एखाद्या बऱ्या कॉलेजातून बोलावणं येईल या आशेवर कोटाची इस्त्री मोडू देत नसत. बसले की इस्त्री मोडते म्हणून ते उभे असत आणि शिकवलं तरी मोडते म्हणून शिकवत नसत. ग्रंथपालांनी पुस्तकं मुलांच्या हाती पडून खराब होऊ नयेत म्हणून कपाटांना कुलपं घातली होती. ते आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक मिळून दिवसभर बुद्धिबळ खेळत. विद्यार्थी वर्गात येत नाहीत अशी तक्रार स्टाफरूममध्ये कधी ऐकू आली नाही. एखाद्या दिवशी आले, तर मात्र आल्याची तक्रार होई.

आगाशे यांत बसत नव्हते. ते नेमाने वर्गावर जात आणि घंटा होईपर्यंत शिकवत. फक्त ते शिकवत फळ्याला. वर्गात शिरले, हजेरी घेतली, की पाठ फिरवून पुण्यातल्या आपल्या गुरुजींनी उतरवून दिलेल्या टिपणांतली विधानं सुवाच्य अक्षरात फळ्यावर लिहायला लागत ते अखेरपर्यंत. अक्षर इतकं सुंदर की तो फळा पुसायला शिपाई धोंडीच्या जिवावर येई. एकदा त्यांनी "सर्व मानव मर्त्य आहेत" इथून सुरुवात केली आणि "म्हणून" या शब्दाशी येऊन मागे वळून पाहिलं, तर वर्गात एक शेळी होती. बाकीचा वर्ग खिडकीतून गेला होता. शेळी बहुधा दारातून आली असावी.

हे चालून गेलं असतं, कारण त्या कॉलेजात सगळंच चालून जात होतं. पण एक दिवस प्राचार्यांनी आगाशांना बोलावून, स्टँडवरची नजर न काढता, सांगितलं की विद्यापीठाचे गृहस्थ दिवाळीच्या आत पाहणीला यायचे आहेत. ज्या विषयाचा वर्ग रिकामा दिसेल तो विषय बंद, आणि विषयामागोमाग प्राध्यापक. आगाशांना याचा अर्थ पुरेपूर कळला. पुण्यात त्यांच्या सासऱ्यांची लाकडाची वखार होती. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, मुलगा नव्हता, आणि तर्कशास्त्र हे पोट भरायचं साधन आहे यावर त्यांचा लग्नापासूनच विश्वास नव्हता. जावयाला दसऱ्याच्या मुहूर्तावर वखारीच्या गादीवर बसवायचा बेत ते दर वर्षी करत. ज्यानं ॲरिस्टॉटल वाचला त्यानं सागवान आणि शिसव यांचे भाव सांगत बसायचं, या कल्पनेनं आगाशांना रात्री दचकायला होई. म्हणून मुलं वर्गात का येत नाहीत, याचा शोध घ्यायचा, एवढा एक साधा उपक्रम त्यांनी हाती घेतला.

वर्ग बहुतेक खाडीकाठच्या आगरी मुलांचा. भातशेती आणि मिठागरं असलेल्या घरांतली ही मुलं, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी. त्यांतला काशीराम जरा बोलका. अमावास्येच्या सुमाराला वर्ग पार ओस पडला होता. बाजारपेठेतल्या दुकानदाराची शकू तेवढी पहिल्या बाकावर लोकर विणत होती. त्या दिवशी संध्याकाळी काशीराम चाकवाल्यांच्या दारात भेटला. आगाशांनी त्याला धरलं आणि वर्गाला का येत नाही म्हणून विचारलं.

काशीराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "सर, उधानान कसा येनार? भांगान येतो ना आमी."

"काय म्हणालास?"

"भांगान, सर. भांगान सगली पोरा येतान."

"सगळी?"

"भांगान कोन घरान बसतंय? आता चार दिस जाऊन द्या, भांग लागंल, मंग बगा वर्ग कसा भरतंय."

एवढं बोलून तो निघून गेला. आगाशे मात्र घण पडलेल्या चाकासारखे जागच्या जागी थरथरत राहिले.

त्यांनी घरी जाऊन या बोलण्याचं तर्कशुद्ध पृथक्करण केलं. उधाण म्हणजे तारुण्याचं; यात शंका नव्हती. 'भांगान' हे गावाकडचं अशुद्ध व्याकरण. शुद्ध रूप 'भांगेनं', तृतीया विभक्ती. मुलं भांगेच्या योगानं येतात. म्हणजे भांग घेतल्याखेरीज त्यांना तर्कशास्त्र सोसत नाही. भांग 'लागते', मग वर्ग भरतो. भांग उतरते, मग वर्ग ओस. शिवाय वर्ग भरलेला असे तेव्हा मुलांचे डोळे मिटलेले असत, हे त्यांनी हजेरी घेताना पाहिलंच होतं. सगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते. एका दृष्टीनं निष्कर्षात समाधानही होतं. शिकवणं वाईट नव्हतं. ऐकणारे शुद्धीवर नव्हते.

गोदूला, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे पटेना. ती म्हणाली, मुलं दिसायला तर निर्मळ वाटतात, गौरीच्या सणाला तेरड्याची रोपं आणून देतो म्हणून परवाच त्यांतला एक सांगून गेला. आगाशे म्हणाले की, दिसण्यावरून अनुमान काढणं हाच सामान्य माणसाचा दोष असतो.

खाली दाजी राहत. साताऱ्याकडे कोर्टात शिरस्तेदार होते आणि दम्याला खाडीची हवा मानवते असं कुणी सांगितलं म्हणून पेन्शन घेऊन पनवेलला आले होते. कोर्टात कधी बोलायला मिळालं नाही त्याची भरपाई ते आता करत. त्यांनी गंभीरपणे सल्ला दिला की अशा कामी वरवर चौकशी करू नये, एकदम खात्याला कळवावं. मग आवाज खाली करून हीच गोष्ट त्यांनी तळ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितली. पनवेलात तेव्हा वर्तमानपत्र दुपारी पोचत असे, त्यामुळे सकाळचा वेळ लोकांना मोकळा असायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत प्रोफेसरांचा भांगेशी काहीतरी संबंध आहे एवढं सर्वांना कळलं होतं. तो नेमका कोणता, याबाबत मात्र मतभेद होते. समोरच्या गुणाबाईंनी गोदूच्या हातात चिंचेच्या साराचं पातेलं दिलं आणि "उतारा पडतो हो यानं, माझ्या दिरालाही द्यायचे," म्हणून तिचा हात दाबला. कुणी लिंबाचं लोणचं पाठवलं. गवळ्यानं दूध वाढवून हवं का, बदाम वाटून घालायचे तर म्हशीचं देतो, असं आपण होऊन विचारलं. गोदूनं दार लावून घेतलं. आगाशे सार प्याले, कारण ते चांगलं झालं होतं.

पुढं आलं खातं. दारूबंदीचा तो काळ. परवान्यावाचून थेंबही घ्यायची बंदी होती आणि हातभट्ट्या तर प्रत्येक रानात होत्या. त्यामुळे कचेरीत काम भरपूर असायला हवं होतं. प्रत्यक्षात आगाशे गेले तेव्हा सगळे चहा घेत होते. पहिल्या टेबलानं विचारलं, पातळ की घट्ट? आगाशांना कल्पना नव्हती. पातळ असेल तर इथं, घट्ट असेल तर पलीकडे. पलीकडच्या टेबलानं विचारलं, पान की गोळी, आणि मुद्देमाल कुठं आहे? मुद्देमाल नाही, अनुमान आहे, असं आगाशांनी सांगितल्यावर त्यांना बाकावर बसवून ठेवलं. अखेर आतून इन्स्पेक्टर आले. ते विदर्भातले, नुकतेच बदलून आलेले. खाडीच्या दमट हवेनं आणि बिनकामाच्या दिवसांनी कंटाळलेले. सबंध कॉलेज भांग घेतं हे ऐकून त्यांच्या मुद्रेवर पनवेलला आल्यापासूनचं पहिलं हसू उमटलं. त्यांनी सुचवलं की आधी मुलांपुढे 'नशा आणि नागरिक' या विषयावर आपण भाषण द्यावं, आणि भाषण चालू असताना चेहरे पाहून गुन्हेगार हेरावेत.

दिवस ठरवताना प्राचार्यांनी एसटीचं वेळापत्रक पाहिलं, इन्स्पेक्टरांनी जीप कधी मोकळी आहे ते पाहिलं. पंचांग कुणीच पाहिलं नाही. दिवस निघाला भाद्रपदी पौर्णिमेचा, वेळ भर दुपारची.

त्या दिवशी सभागृहात, म्हणजे पूर्वी जिथं भात वाळत घालत तिथं, खुर्च्या मांडल्या होत्या. इन्स्पेक्टर गणवेशात होते. इंग्रजीचे प्राध्यापक उभे होते. ग्रंथपालांनी डाव अर्ध्यावर सोडला होता, याची आठवण ते प्रत्येकाला करून देत होते. श्रोत्यांत शकू होती, तिचा जवळजवळ पुरा झालेला स्वेटर होता आणि दारात ती शेळी होती. बाकी कुणीही नव्हतं. इन्स्पेक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग खुर्चीवर हात आपटून म्हणाले, हाच पुरावा. सुगावा लागला, सगळे अड्ड्यावर पळाले. काढा जीप.

आगाशांनी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण विषय वाचवायचा तर दिवाळीआधी वर्ग शुद्धीवर आणायला हवा होता, आणि वखारीचा भुसा त्यांना डोळ्यांसमोर उडताना दिसत होता. ते जीपमध्ये चढले. प्राचार्यही चढले, कारण जीप परत येताना स्टँडवरून येणार होती.

काशीरामच्या गावाला पोचायच्या आधीच रस्ता संपला. पुढं खारजमीन, म्हणजे खाडीला मातीचा बांध घालून अडवलेली शेती. भाताला लोंब्या धरायला लागल्या होत्या. दर उधाणाला असतं तसं सगळं गाव बांधावर राखणीला होतं. खाडी बांधाच्या माथ्याला लागली होती आणि मधे एका जागी बांध फुटून खारं पाणी शेतात शिरत होतं. त्या भगदाडात छातीइतक्या पाण्यात एकमेकांच्या हाताला धरून, पेंढ्याच्या आणि चिखलाच्या ढेपा रचत, तर्कशास्त्राचा सबंध वर्ग उभा होता. हजेरी घ्यायची तर एकही नाव वगळावं लागलं नसतं. पलीकडच्या चिरनेर गावाकडची पोरंही मदतीला आली होती.

इन्स्पेक्टर बांधावर चढले आणि त्यांनी सरकारी आवाजात विचारलं, "भांग कुठं आहे?"

काशीरामची आई हौसा डोक्यावर ढेप घेऊन चालली होती. तिनं त्यांच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"येरा हायेस का रं तू? आज पुनव हाय. आज कनचा भांग? भांग आठमीला."

"अष्टमीला?" इन्स्पेक्टर खिशातून पेन्सिल काढत म्हणाले. "दर अष्टमीला? कोण कोण असतं?"

"समींदर असतो," हौसा म्हणाली. "पुनवंला नि आवशीला उधान, पानी चरतंय. आठमीला भांग, पानी वाईच वर येतंय नि तसाच खाली बसतंय. लहान पोराला पन ठावा हाय." आणि आगाशांकडे वळून, "ह्यो कोन? उबा का ऱ्हायला? हात नाय का त्याला?"

भगदाडातून काशीराम ओरडला, "आये, सर हायेत आमचे."

"मंग सरला सांग, सर इकरं."

असं म्हणून तिनं डोक्यावरची ढेप प्रोफेसर आगाशांच्या हातांत दिली. माणसाच्या हातात पोराएवढी ओली ढेप आली की ती कुणाच्या तरी हातात द्यावीच लागते. ती द्यायला आगाशे उतारावरून दोन पावलं गेले, तिसरं पाऊल त्यांनी टाकलं नाही, ते आपोआप पडलं. ते थांबले तेव्हा कमरेपर्यंत चिखलात होते आणि त्यांच्या चपला कायमच्या पनवेलच्या खाडीला मिळाल्या होत्या. मग पुढची ढेप आली. मग तिच्या पुढची. पाणी ओसरून बांध सांधला जाईपर्यंत ते त्या रांगेत होते. इन्स्पेक्टरांनी गणवेश काढून बांधावर नीट घडी करून ठेवला आणि तेही उतरले. नंतर ते म्हणत की बदलीनंतरचा तेवढा एकच दिवस बरा गेला. प्राचार्यांची एसटी चुकली.

काम संपल्यावर सगळे बांधावर बसले. कुणीतरी भाकरी आणि सुकट दिली. आगाशांनी डोळे मिटून भाकरी घेतली आणि सुकटीकडे पाहिलं नाही असं केलं. मग त्यांनी काशीरामला विचारलं की, हे उधाणाचं तू मला आधी का सांगितलं नाहीस?

"सांगला की, सर. चाकवाल्याच्या दारान सांगला."

"ते मला समजलं नाही. वर्गात सांगायचं."

बाकीची पोरं खाली बघून हसायला लागली.

"वर्गान कोनाला सांगनार? तुमची पाठ दिसतंय नुसती. तुमचा तोंड आज बगला आमी येवरा वेल."

आगाशांच्या तोंडावरचा चिखल तोवर वाळला होता, त्यामुळे त्यांना नेमकं काय वाटलं ते कुणाला कळलं नाही.

वद्य अष्टमीला वर्ग भरला. काशीरामनं सांगितलं होतं तसाच. आगाशे आले, हजेरी घेतली, खडू उचलला आणि सवयीनं फळ्याकडे वळले. मग पुन्हा इकडे वळले. समोर एवढे चेहरे होते. टिपणं त्यांनी मिटून ठेवली आणि म्हणाले की आज आपण अनुमानातला एक दोष पाहू. दोन विधानांना जोडणारा शब्द दोन्हीकडे एकाच अर्थानं यायला हवा. तो इथं एका अर्थानं आणि तिथं दुसऱ्या अर्थानं आला, की अनुमान बुडालं. उदाहरणार्थ, भांग घेणारा माणूस शुद्धीवर नसतो, माझे विद्यार्थी भांगात वर्गाला येतात, म्हणून...

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. हसण्याचा असा लोंढा उठला की चाकवाल्यांचे घण थांबले. शकूच्या हातातून सुया पडल्या. धोंडीला वाटलं घंटा झाली, म्हणून त्यानं ती दिली. कुणी उठलं नाही. प्राचार्य कधी नव्हे ते वर्गाच्या दाराशी आले आणि आत काय चाललं आहे असं विचारून, तर्कशास्त्र, हे उत्तर ऐकून परत गेले.

त्यानंतर तर्कशास्त्राचं वेळापत्रक पंचांग पाहून होऊ लागलं. भांगात जोडतास, उधाणात सुट्टी. विद्यापीठाचे गृहस्थ घटस्थापनेनंतर आले, तेही सप्तमीला. त्या तारखेसाठी आगाशांनी प्राचार्यांची एसटी दोनदा चुकवली होती. गृहस्थांना वर्गात बसायला जागा मिळाली नाही. विषय राहिला. ही पद्धत इतर प्राध्यापकांनाही आवडली, पण अर्धीच. तळ्याकाठी पक्क्या घरात राहणारे इंग्रजीचे प्राध्यापक दर पौर्णिमेला उधाणाची रजा टाकू लागले. ग्रंथालयाच्या दारावर "उधाणामुळे बंद" अशी पाटी लागली, ती भांगातही कुणी काढली नाही.

आता ते बांध राहिले नाहीत. कळंबोलीला लोखंडाचे ढीग आहेत, द्रोणागिरीच्या अंगाला गोदामं. भरती कधी येते हे ट्रकवाल्यांना माहीत असायचं कारण नाही. गिरणी पाडली. चाकं करणारे गेले आणि त्यांच्या घणाचा ठेका ज्यांच्या कानात आहे अशी काही पिकली डोकी तेवढी भेटतात. त्यांना तर्कशास्त्रातलं दुसरं काही आठवत नाही, तो एक दोष मात्र सगळ्यांना पाठ आहे.

पण त्या वर्षीच्या अष्टमीचं सांगायचं राहिलं. आश्विनातली, दसऱ्याच्या अलीकडची. सकाळच्या गाडीनं पुण्याहून अप्पा उतरले. वखारीच्या गादीला नवी खोळ घातली होती, मुहूर्त काढला होता, आणि वाटेत जिन्यापाशी दाजींनी त्यांना दोन शब्द आपुलकीचे सांगितले होते. अप्पा वर आले ते गंभीर होऊनच. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. कमळाकरराव, म्हणाले, आता पुरे झालं, चला माझ्याबरोबर.

आगाशे दाराशी नव्या चपला घालत होते. आजकाल ते वेळेआधीच निघत आणि जाताना स्वतःशीच हसत.

"अप्पा, तुम्ही बसा निवांत. मला आता थांबता यायचं नाही," ते म्हणाले. "भांग लागलाय. पोरं वाट बघत असतील." आणि जिना उतरून गेले.

अप्पांनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग खुर्चीचा हात धरून सावकाश खाली बसले आणि हलक्या आवाजात मुलीला विचारलं, "गोदू, हे कधीपासून?"

गोदू चहाचं आधण ठेवत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"भाद्रपदापासून, अप्पा," ती म्हणाली. "आता सुटेलसं दिसत नाही."